ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेला सहकारी: कामाची घडी कशी बसवायची

वाळूजच्या शॉपफ्लोअरवर, जालन्याच्या बियाणे गोदामात किंवा लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीवर काम बहुतेक तोंडीच चालतं. ‘जरा ते बघून घे’, ‘गाडी यायच्या आत उरकून टाक’, ‘नेहमीसारखंच कर’. उरलेलं ऐकणाऱ्याने स्वतः भरून घ्यायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. ऑटिझम (न बोललेले संकेत आणि अचानक बदल समजून घेणं अवघड जाणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि वेळ सांभाळणं अवघड जाणं) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण) असलेली माणसं (हल्ली त्यांना एकत्रितपणे न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात) बहुधा याच जागी अडतात. हाताला काम येत असतं, पण काम नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कुणी सांगितलेलं नसतं.

हा लेख छोटे कारखानदार, सुपरवायझर, लाइन लीडर आणि ऑफिस सांभाळणारे हेडक्लार्क यांच्यासाठी आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. आणि कुणाला ऑटिझम आहे हे ठरवण्याच्या भानगडीत सुपरवायझरने पडू नये. निदान डॉक्टर करतील. कामाची मांडणी मात्र तुमच्या हातात आहे, आणि ती सुधारली की ज्याने काहीच सांगितलेलं नाही त्यालाही फायदा होतो.

कामाचा एक कागद

माणूस घेण्याआधी काम कागदावर उतरवा. एका कामाला एकच ए-फोर कागद, त्यावर पाच गोष्टी: काम कशाने सुरू होतं, कशाने संपतं, किती वेळात किती व्हायला हवं, चांगलं-वाईट कशावरून ठरतं, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. शेवटच्या गोष्टीत दोन नावं लागतात, कारण पहिला माणूस रजेवर असतो तेव्हाच नेमकं अडतं.

डाळमिलच्या पॅकिंगचं उदाहरण घ्या. ‘पॅकिंगला मदत करणे’ असं लिहू नका. असं लिहा: ‘ट्रेमध्ये २० पाकिटं आली की सुरू. प्रत्येक ट्रेमधलं एक पाकीट काट्यावर ठेवायचं. १००० ते १००८ ग्रॅम असेल तर ट्रे पुढे. कमी किंवा जास्त असेल तर पूर्ण ट्रे लाल टेबलावर ठेवायचा आणि काट्यावरच्या माणसाला हाक मारायची. ५० ट्रे झाले की वहीत सही.’

हा कागद कुणी लिहायचा यावर बरंच अवलंबून आहे. ऑफिसात बसून लिहिलेला कागद हमखास चुकतो, कारण लिहिणाऱ्याला यंत्राजवळच्या बारीक गोष्टी दिसत नाहीत. काम करणाऱ्याने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. मग दुसऱ्या खात्यातल्या माणसाच्या हातात कागद देऊन काम करायला सांगा. तो जे जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं कागदात घाला. ग्राहक कंपनीने दिलेली इंग्रजी कार्यपद्धती भिंतीला चिकटवून हे काम झालं असं समजू नका. ती ऑडिटसाठी असते.

मुलाखतीऐवजी कामाची चाचणी

जाहिरातीतून ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘हसतमुख’, ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ हे शब्द काढा, काउंटरची नोकरी असेल तरच ठेवा. इन्स्पेक्शनच्या कामाला हसतमुख माणूस लागत नाही, नजर लागते.

मुलाखत ठेवायचीच असेल तर आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच गोष्टी पाठवा: गेटचा फोटो आणि लोकेशन, कुणाला भेटायचं त्याचं नाव, किती जण समोर असतील (दोघांहून जास्त नकोत), किती वेळ लागेल, आणि प्रश्न. हो, प्रश्नसुद्धा आधीच. त्याने परीक्षा फुटत नाही, कारण तुम्ही पाठांतर तपासत नाही आहात. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न वगळा. ऑटिझम असलेला उमेदवार जन्मापासून सुरू करेल किंवा गप्प बसेल. त्याऐवजी विचारा: ‘मागच्या कामात सकाळी आल्यावर पहिल्या तासात काय काय करायचा?’

खरी निवड चाचणीवर करा. दोन तास, प्रत्यक्ष काम, त्या दोन तासांचे पैसे देऊन. गुणपत्रिकेत चुका, वेग आणि अडल्यावर विचारलं का, एवढेच रकाने ठेवा. नजरेला नजर देत नाही, हात ढिला मिळवतो, एकसुरी बोलतो याला गुण नाहीत आणि वजाबाकीही नाही. असा माणूस नापास होतो तो बहुधा याच गोष्टींवर, आणि नंतर ‘कामाची माणसं मिळत नाहीत’ म्हणणारेही आपणच.

पहिल्या दिवसाच्या आधी

बस कोणत्या थांब्यावर, किती वाजता, कार्ड कुठे पंच करायचं, डबा कुठे ठेवायचा, संडास कुठे, जेवणाची सुट्टी किती मिनिटांची. मोबाइलवर दहा-बारा फोटो काढून क्रमाने पाठवले की झालं. गणवेश आठवडाभर आधी द्या. कॉलरमागचं लेबल टोचणं, नवा सेफ्टी शू चावणं हे काहींना दिवसभर दुसरं काही सुचू देत नाही. लेबल कापायला परवानगी द्या, बूट घरी घालून सैल करू द्या. सोबतीला एक ठरलेला माणूस द्या, सहा आठवडे तोच. रोज वेगळा माणूस शिकवायला आला की रोज वेगळी पद्धत शिकवली जाते.

माणूस लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून येत असेल तर यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला पहिल्या दिवसापासून सोबत बसवा. पाळी बदलणारा, अचानक दुसऱ्या युनिटला पाठवणारा तोच असतो.

सूचना कशी द्यायची

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

सूचनेत चार गोष्टी हव्यात: क्रिया, वस्तू, किती, कधीपर्यंत. ‘ते खोके जरा आवर’ याऐवजी ‘गेटजवळचे आठही खोके रॅक तीनवर ठेव, साडेअकराच्या आत’. ‘लवकर’, ‘थोडं’, ‘नंतर’, ‘व्यवस्थित’ हे शब्द सूचनेतून काढले की निम्मी कटकट मिटते. ‘तुला जमेल का?’ हा प्रश्न आहे की हुकूम, हेही स्पष्ट करा. हुकूम असेल तर हुकूमच द्या. ऑटिझम असलेला माणूस ‘नाही’ असं खरं उत्तर देईल आणि तुम्हाला ते उर्मट वाटेल.

एका वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका. सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका, कारण त्याचं उत्तर सगळेच ‘हो साहेब’ असं देतात. ‘आधी काय करणार, मग काय?’ असं विचारा. मधेच काम बदलायचं असेल तर आधी हातातलं कुठे थांबवायचं ते सांगा, मग नवं सांगा. नाहीतर दोन्ही अर्धवट राहतात.

इथून पुढे माणसागणिक फरक पडतो.

ऑटिझम असलेल्यांना बहुधा लेखी सूचना आणि बदलाची आगाऊ कल्पना लागते. दुसऱ्या शिफ्टला टाकायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि कारणही सांगा. कारण कळलं की बदल पचतो.

एडीएचडीमध्ये अडचण वेळेची असते. त्याला काम आठवतं, पण ‘अजून वेळ आहे’ आणि ‘वेळ संपली’ यांच्यामधलं अंतर जाणवत नाही. महिनाअखेरीचं एक मोठं काम दिलं तर ते २९ तारखेला सुरू होतं. त्याचे आठवड्याचे चार तुकडे करा, प्रत्येक तुकडा कुणाला तरी दाखवायचा असू द्या. समोर काट्यांचं घड्याळ लावा, मोबाइलवरचं नको, कारण मोबाइल हातात आला की वीस मिनिटं गेली. एकसलग बसून करायच्या कामात दर २५-३० मिनिटांनी उठायची मुभा ठेवा. दिवसभर फिरतं काम, जसं डिस्पॅच, देखभाल, मोंढ्यातली वसुली, यात हीच माणसं अनेकदा उठून दिसतात.

डिस्लेक्सियाबद्दल मोठा गैरसमज आहे की अक्षरं उलटी दिसतात. मूळ अडचण आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते, त्यामुळे वाचन हळू होतं आणि लिहिताना चुका होतात. आपल्या लिपीत त्यात भर पडते: पहिली वेलांटी अक्षराआधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, जोडाक्षरं, रफार. शिवाय आपल्याकडे आडतीच्या वहीत मराठी ६ आणि ९, पार्ट नंबरमध्ये इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरं असं सगळं एकाच दिवसात समोर येतं. उपाय साधे आहेत. एका कागदावर एकच अंकपद्धत ठेवा. सहा आणि नऊच्या खाली रेघ मारायची सवय सगळ्या खात्यालाच लावा. अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा, पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा कागद चालतो का ते त्यालाच विचारा. लांब मजकुराऐवजी व्हॉइस मेसेज पाठवा, आणि त्याचा रिपोर्टही व्हॉइस मेसेजवर घ्या. बॅच नंबर हाताने उतरवायला लावू नका. बारकोड नसेल तर लेबलचा फोटो काढून पाठवू द्या.

मोजदादीत गोंधळणाऱ्यासाठी खाचा असलेले २५ चे ट्रे द्या. ट्रे भरला की मोजणी आपोआप झाली.

आवाज, उजेड, ऊन

अनेक ऑटिझम असलेल्यांना आवाज आणि उजेड इतरांपेक्षा तीव्र जाणवतो. थकवा कामाचा नसतो, दिवसभर तो आवाज अडवून धरण्याचा असतो. संध्याकाळी चारनंतर चुका वाढत असतील तर आधी हे तपासा.

मोबाइल अ‍ॅपवर आवाज मोजा. आकडा अगदी अचूक नसतो, पण जागांची तुलना करायला पुरतो. ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर असलेल्या जागी कानाचं संरक्षण सगळ्यांनाच हवं. कानावरचे मफ मे महिन्यात घामाने नकोसे होतात, तेव्हा फोमचे प्लग द्या. पण फोर्कलिफ्टच्या मार्गावर कान पूर्ण बंद असणं धोक्याचं आहे. तिथे फिरता दिवा लावा, किंवा हाक मारण्याची एक ठरलेली खूण ठेवा. खांद्यावर मागून अचानक हात ठेवायचा नाही, समोर येऊन हात हलवायचा. अखंड आवाजापेक्षा अचानक आवाज जास्त त्रास देतो: कॉम्प्रेसरमधून सुटणारी हवा, लाइट गेल्यावर सुरू होणारा जनरेटर. कामाची जागा त्यांच्यापासून दहा-पंधरा पावलं सरकवली तरी फरक पडतो.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते दिसत नाही, काहींचं मात्र त्याने डोकं दुखतं. त्या टेबलावरची एक ट्यूब बदलून चांगली एलईडी लावणं हा अगदी स्वस्तातला उपाय.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या काहींना तहान, भूक, उकाडा यांची जाणीव उशिरा होते, आणि कामात गुंग झाले की अजिबातच होत नाही. ‘तहान लागली की पी’ हा सल्ला तिथे निकामी आहे. उष्ण जागी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, सुमारे २५० मिलिलीटर, हे घड्याळाला बांधा. एडीएचडीची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर उन्हातल्या कामाबद्दल त्याने डॉक्टरांना विचारून यावं. काही औषधांनी शरीराचं तापमान सांभाळणं अवघड जातं.

कोलमडला तर

भार फार झाला की काही जण ओरडतात, कान झाकतात, डोकं आपटतात. काही जण एकदम गप्प होतात, हाक मारली तरी उत्तर देत नाहीत. याला मेल्टडाउन आणि शटडाउन म्हणतात. ही फिट नव्हे आणि ‘बाहेरचं’ही नव्हे, तेव्हा चप्पल-कांदा नाकाला लावणं, तोंडावर पाणी मारणं, अंगारा शोधणं हे बंद. (फिट आली तरी चप्पल-कांद्याचा उपयोग नसतोच.)

यंत्र बंद करा. गर्दी हटवा. एकानेच जवळ थांबावं, हात न लावता, हळू आवाजात, कमी शब्दांत: ‘बाहेर शांत आहे. चल.’ प्रश्न विचारू नका. प्रश्नाचं उत्तर शोधणं हाही भारच असतो. अर्धा तास लागेल, कधी जास्त. त्या दिवशी मेमो नाही, चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी एकट्याशी बोला आणि त्याआधीच्या दोन तासांत काय काय घडलं ते वहीत लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की कारण सहसा डोळ्यांसमोर येतं: जेवण चुकलं होतं, शिफ्ट बदलली होती, कुणीतरी डिवचलं होतं.

कुणाला सांगायचं, कुणाला नाही

बहुतेक जण निदान लपवतात, आणि त्याला कारण आहे. कंपनीत कळलं की गावात कळतं, गावात कळलं की धाकट्या बहिणीच्या स्थळापर्यंत जातं. म्हणून ही माहिती दोघांपलीकडे जाऊ देऊ नका: थेट वरिष्ठ आणि कार्मिक विभागातला एक जण. बाकीच्यांना फक्त व्यवस्था सांगा: ‘याला सूचना लिहून द्यायच्या.’ कारण सांगायची गरज नाही.

वडील किंवा मोठा भाऊ भेटायला आला तर चहा द्या, पण कामाबद्दल कामगाराशीच बोला, तो समोर असताना. सज्ञान माणसाच्या पगाराची, रजेची, चुकांची माहिती त्याच्या परवानगीशिवाय घरी कळवू नका.

‘येडा’, ‘भोळा’, ‘सायंटिस्ट’ ही टोपणनावं पहिल्याच आठवड्यात थांबवा. महिन्यानंतर ती चिकटलेली असतात आणि थांबवणारा हास्यास्पद ठरतो. आणखी एका गोष्टीवर लक्ष हवं. शब्दाला शब्द मानणारा माणूस सोपं सावज असतो. त्याच्याकडून उसने घेतले जातात, पतसंस्थेच्या कर्जाला जामीन म्हणून सही घेतली जाते, दुसऱ्याचं कार्ड पंच करवून घेतलं जातं. सोबतच्या माणसाने एक नियम त्याला लेखी द्यावा: कामाच्या ठिकाणी कुणाच्याही कागदावर सही करायची असेल तर आधी सोबतच्या माणसाला दाखवायचं, त्याच दिवशी सही करायची नाही.

खंडेनवमीची यंत्रपूजा, गणपतीची मिरवणूक, फटाके यांना हजेरी ऐच्छिक ठेवा. वर्गणी दिली, आरतीला उभा राहिला आणि ढोल सुरू व्हायच्या आत निघून गेला, तर त्यात माणूसघाणेपणा नाही.

तोच लाइन लीडर झाला तर

इथे बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक चूक होते. एक तर ‘याला माणसं सांभाळता येणार नाहीत’ म्हणून कायम डावललं जातं, किंवा उत्तम ऑपरेटर म्हणून बढती देऊन एकटं सोडलं जातं. आधी त्यालाच विचारा की त्याला माणसं हवीत की यंत्रं. यंत्रं हवी असतील तर तीच पगारश्रेणी तांत्रिक पदावर द्या. माणसं हाताखाली नाहीत म्हणून पगार अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

लीडर व्हायचं असेल तर सकाळची दहा मिनिटांची बैठक ठरलेल्या साच्यात बसवा: कालचं राहिलेलं, आजचं टार्गेट, कोण कुठे, सुरक्षितता. क्रम रोज तोच. रजा आणि भांडणं यांचे नियम भिंतीवर लावा. म्हणजे निर्णय ‘मला वाटतं’वर राहत नाहीत, आणि पक्षपाताचा आरोपही होत नाही. अशा लीडरकडे नियम सगळ्यांना सारखे लागतात, याचा हाताखालच्यांना आदर वाटतो. रुसवेफुगवे, कुणाच्या घरचं दुःख ओळखणं, यासाठी एक सहायक जोडून द्या. हा कमीपणा समजू नका. किती सुपरवायझरना स्वतःचा रिपोर्ट लिहायला क्लार्क लागतो?

सर्वांत जास्त बिनसतं ते वरिष्ठांशी. चारचौघांत ‘साहेब, हा आकडा चुकलाय’ असं तो बोलतो, आकडा खरंच चुकलेला असतो, आणि साहेबांचा चेहरा पडतो. वेळीच मार्ग ठरवून द्या: सुरक्षिततेची गोष्ट असेल तर तिथल्या तिथे, मोठ्याने, कुणाच्याही समोर. बाकी चूक तासाभरात मेसेजवर. साहेबांनाही सांगा की मेसेजला उत्तर द्यायचं आहे. एकतर्फी नियम टिकत नाही. दोन्हीकडून समजून घेण्याची अडचण असते ही मांडणी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये केली, आणि शॉपफ्लोअरवर ती रोज पटते.

एडीएचडी असलेल्या लीडरला फळा द्या. फळ्यावर चारच कामं मावतील अशी जागा ठेवा, एक पुसल्याशिवाय पाचवं नाही. डिस्लेक्सिया असलेल्याला शिफ्टचा रिपोर्ट खुणा करायच्या तक्त्यात द्या, परिच्छेद लिहायला लावू नका.

कायद्यापुरतं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे) आहेत. एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. सरकारी आस्थापनांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. खासगी आस्थापनांनाही कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात पदांची यादी, निवड, प्रशिक्षण, रजा आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील हवा, आणि प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते.

प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. ऑटिझमसाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरतात, ७० गुणांच्या आत ऑटिझम धरत नाहीत. वर्षानुवर्षं लक्षणं झाकायला शिकलेल्या प्रौढाचे गुण कमी भरतात, तेव्हा त्याने लहानपणच्या सवयी माहीत असलेल्या आई-काकूंना सोबत न्यावं, आणि शाळेचे जुने शेरे व रिपोर्टही. आरक्षणाला प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. पण कामात वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही: सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात परीक्षेतल्या लेखनिकाच्या प्रश्नावर हेच सांगितलं.

नव्वद दिवसांनी

३०, ६० आणि ९० व्या दिवशी पंधरा मिनिटं बसा. प्रश्न तीनच: कोणती सोय उपयोगी पडली, कोणती नाही, कोणत्या कामात सर्वांत जास्त दमतोस. उत्तर लेखी किंवा व्हॉइस मेसेजवर, बैठकीच्या आदल्या दिवशी घ्या. समोरासमोर अनेकांना सुचत नाही. उपयोगी नसलेली सोय काढून टाका. दिली म्हणून चालू ठेवू नका.

सगळं करूनही जमलं नाही, असंही होतं. तेव्हा आधी काम बदलून पाहा, किमान चार आठवडे. पॅकिंगला न जमलेला माणूस स्टोअरला जमू शकतो. तरीही निरोप द्यायचा ठरला तर कारण मोजता येण्यासारखं सांगा, ‘ट्रे ५० हवे होते, २८ झाले’ असं. ‘तू इथे बसत नाहीस’ असं नको. अनुभवपत्रात निदानाचा एक शब्दही नको. त्याने कोणती कामं, कोणत्या यंत्रावर, किती महिने केली ते लिहा आणि कोणत्या पद्धतीने सूचना दिल्यावर काम चांगलं झालं तो कागद त्याच्याच हातात वेगळा द्या. पुढच्या ठिकाणी दाखवायचा की नाही, ते तो ठरवेल.